भुताला नवा चेहरा देताना

मागच्या महिन्यात कँटीनमध्ये चहा पिता पिता आमच्यात चांगलंच जुंपलं. विषय इंटर्नल्सचा नव्हता, एडा वाँगच्या ड्रेसचा होता. ज्यांना एडा कोण हे माहीत नाही, त्यांनी पान उलटू नका. हा लेख तुमच्यासाठीच आहे. कारण त्या भांडणातून मी जिथे पोचले, ते ठिकाण गेमिंगपेक्षा आपल्या मराठी साहित्याच्या जास्त जवळचं निघालं.

आधी थोडी ओळख

'सर्व्हायव्हल हॉरर' म्हणजे भीतीचे असे व्हिडिओ गेम, ज्यांत खेळणारा शूर नसतो, कसाबसा तगून राहतो. गोळ्या मोजक्या, औषध मोजकं, वाट अंधारी. 'कॅपकॉम' या जपानी कंपनीचा 'रेसिडेंट ईव्हिल' १९९६ साली आला आणि हा प्रकार जगभर पोचला. १९९९ साली 'कोनामी'चा 'सायलेंट हिल' आला. आता या जुन्या गेम्सचे रीमेक निघतात, आणि रीमेक म्हटलं की पात्रं नव्याने घडवावी लागतात. चेहरा, कपडे, आवाज, चाल, सगळंच. यालाच 'रीडिझाइन' म्हणतात. आणि दर वेळी चाहते दोन गटांत विभागतात. एक म्हणतो, 'वा!' दुसरा म्हणतो, 'आमचं पात्र परत द्या.'

नुसते कपडे नव्हेत

आता तो ड्रेस. २००५ च्या 'रेसिडेंट ईव्हिल ४' मध्ये एडा लांब चिरेचा लाल रेशमी ड्रेस घालून शत्रूच्या गावात फिरते. २०२३ च्या रीमेकमध्ये लाल रंग तसाच आहे, पण आता तो विणलेला स्वेटरसारखा ड्रेस आहे आणि पायात बूट आहेत. जिल व्हॅलेंटाइनचंही तेच. १९९९ साली ती मिनी स्कर्टमध्ये झाँबींपासून पळत होती, २०२० च्या रीमेकमध्ये पँट घालून पळते. माझा दादा म्हणाला, "जुनीच भारी होती." मी म्हटलं, "तू त्या स्कर्टमध्ये कुंपणावरून उडी मारून दाखव, मग बोलू."

पण गंमत अशी की सगळ्यात मोठा बदल कपड्यांत नव्हताच. त्याच गेममध्ये ॲश्ली नावाची मुलगी आहे. तिला वाचवणं हे नायक लिऑनचं काम. २००५ मध्ये तिच्या तब्येतीची वेगळी पट्टी स्क्रीनवर दिसायची आणि लिऑनसाठीची औषधं तिच्यावरही खर्च करावी लागायची. म्हणजे ती खेळणाऱ्याच्या डोक्यावरचं ओझं. २०२३ मध्ये ती पट्टी काढून टाकली. मार लागला तर ती खाली पडते, आपण जाऊन तिला उभं करायचं. एवढा एक नियम बदलला आणि माणसांनी तिच्याबद्दल बोलण्याची पद्धत बदलली. 'कटकट' होती, ती 'सोबत' झाली. कथेत आपण ज्याला पात्राची भूमिका म्हणतो, ती गेममध्ये नियमांतून लिहिली जाते. साहित्याच्या विद्यार्थ्याने हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

उलटंही होतं. २०१७ च्या 'रेसिडेंट ईव्हिल ७' मध्ये क्रिस रेडफिल्ड आला तेव्हा त्याचा चेहरा इतका बदललेला होता, की हा खरा क्रिस की कुणी तोतया, यावर चाहत्यांनी तर्क लढवले. आपल्याकडे पानिपतानंतर तोतया भाऊसाहेब उभा राहिला, तसाच हा प्रकार. नाव तेच असलं तरी ओळख पटावी लागते.

त्रिकोणी डोक्याचा राक्षस

ओळख म्हणजे नेमकं काय, हे समजायला 'सायलेंट हिल २' बघावा. २००१ च्या या गेममध्ये जेम्स नावाचा माणूस मेलेल्या बायकोचं पत्र आलं म्हणून एका धुक्याच्या गावात जातो. तिथे त्याच्या मागे डोक्यावर लोखंडी पिरॅमिड असलेला एक राक्षस लागतो. हा 'पिरॅमिड हेड' चित्रकार मासाहिरो इतो यांनी घडवला. पुढे कळतं की हा राक्षस गावाचा नाहीच. तो जेम्सच्या अपराधीपणाचा आहे. जेम्सनेच जणू त्याला बोलावलंय, शिक्षा हवी म्हणून.

पण तो दिसायला इतका जबरदस्त होता, की २००६ च्या सिनेमात आणि मग दुसऱ्या गेम्समध्येही त्याला आणलं गेलं. तिथे जेम्स नाही, त्याचा अपराध नाही, फक्त लोखंडी डोकं आणि मोठा सुरा. इतोंनी यावर नाराजी उघड बोलून दाखवली. मला ती पटते. इथे चेहरा तोच ठेवला आणि अर्थ काढून घेतला. म्हणजे रीडिझाइन न करताही पात्र बिघडवता येतं!

चाहते कंपनीच्या आधी

चाहते नुसती तक्रार करत नाहीत, स्वतः करून बघतात. इटलीतल्या 'इन्व्हेडर गेम्स' या मंडळींनी 'रेसिडेंट ईव्हिल २'चा रीमेक स्वतःच बनवायला घेतला होता. २०१५ साली कॅपकॉमने आपला अधिकृत रीमेक जाहीर केला आणि यांना काम थांबवावं लागलं. पण ते रडत बसले नाहीत. जमवलेलं शिक्षण वापरून त्यांनी स्वतःची गोष्ट रचली आणि २०१९ मध्ये 'डेमेअर: १९९८' हा गेम आणला. तसंच 'पी.टी.'चं. २०१४ साली मोफत आलेला हा छोटासा भयपट-गेम २०१५ मध्ये दुकानातून काढून टाकला गेला. त्यानंतर चाहत्यांनी ती एकच एक वळणाची बोळकांडी पुन्हा पुन्हा बांधून बघितली.

म्हणजे चाहत्यांच्या गोष्टीचे दोन टप्पे असतात. पहिल्यात आपण दुसऱ्याचं घर जसंच्या तसं बांधतो. दुसऱ्यात आपल्या लक्षात येतं की विटा रचायला आपण शिकलोय, आता घर आपलं बांधू.

आपले धारप

हे वाचताना मला सारखे नारायण धारप आठवत होते. कोठीच्या जुन्या पुस्तकांत मला त्यांची एक कव्हर फाटलेली कादंबरी मिळाली होती, तेव्हापासून मी त्यांची भक्त आहे. १९२५ ते २००८ हा त्यांचा काळ. मराठी भयकथेचं नाव काढलं की धारपच. आणि त्यांच्या गाजलेल्या कादंबऱ्यांपैकी 'लुचाई' स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली आहे, 'शपथ' त्याच्याच 'इट'वर. काही जण याला सरळ उचलेगिरी म्हणतात. मूळ लेखकाचं नाव ठळक यायला हवं, हे मलाही वाटतं. पण धारपांनी काय केलं हेही बघायला हवं. 'सेलम्स लॉट'मध्ये फादर कॅलहान नावाचा कॅथलिक पाद्री हातात क्रूस घेऊन रक्तपिपासू भुतासमोर उभा राहतो. मला त्या प्रसंगाचं वजन लगेच कळतं, कारण माझ्या घरात देव्हाऱ्याच्या जागी क्रूस आहे. पण सदाशिव पेठेतल्या वाचकाला ते वजन कसं कळणार? त्याच्यासाठी भीतीही बदलायला हवी आणि आधारही.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण 'तुंबाड'. किंगची 'ग्रॅमा' नावाची कथा आहे. एक लहान मुलगा घरात एकटा, सोबत अंथरुणाला खिळलेली भयंकर आजी. धारपांनी त्यावरून 'आजी' लिहिली. राही अनिल बर्वे यांना ही गोष्ट १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने सांगितली, आणि ती धारपांची आहे हे त्यांना नंतर कळलं. पुढे कित्येक वर्षं ती डोक्यात ठेवून त्यांनी २०१८ मध्ये 'तुंबाड' आणला. नाव घेतलं श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून. आता काय टिकलं आणि काय बदललं ते बघा. एकटा मुलगा, बंद घर आणि जिला सांभाळायचं तिचीच भीती, हे टिकलं. बदललं ते भीतीचं कारण. किंगच्या कथेत आजीला नातवाचं शरीर हवंय. 'तुंबाड'मध्ये घराण्याला सोनं हवंय. अमेरिकन चेटकिणीच्या जागी कोकणातला वाडा, पाऊस आणि हाव आली. तीन माणसांनी एकाच गोष्टीला तीन चेहरे दिले आणि शेवटचा चेहरा पूर्ण आपला झाला.

आणि हे फक्त लेखकच करतात असं नाही. आमच्या शेजारच्या तेलुगू आंटी सांगतात, नव्वदच्या दशकात इकडे घराघरांच्या भिंतींवर लिहिलेलं असायचं, 'ओ स्त्री रेपु रा'. म्हणजे, बाई गं, उद्या ये. कर्नाटकात तेच 'नाळे बा'. रात्री दार वाजवणारं भूत ते वाचतं आणि परत जातं, रोज. २०१८ च्या 'स्त्री' सिनेमाने ते हिंदीत नेऊन चंदेरीच्या भिंतींवर लिहिलं. भूत एकच, भाषा बदलत गेली. लोककथा म्हणजे चाहत्यांनीच रचलेली गोष्ट, फक्त तिची कंपनी नसते.

आमची गोष्ट कुठे अडली

हे सगळं डोक्यात घेऊन मंडळाच्या बैठकीत आम्ही पाच जणांनी ठरवलं, आपणही एक गोष्ट रचायची. 'रेसिडेंट ईव्हिल ४'ची सुरुवात आठवा. लिऑन एका परक्या गावात शिरतो, गावकरी कोयते आणि मशाली घेऊन त्याच्या अंगावर येतात, आणि अचानक चर्चची घंटा वाजते तसे सगळे हत्यारं टाकून निघून जातात. (घंटा म्हटली की मला आंजेलसची प्रार्थना आठवते, म्हणून तो प्रसंग माझ्या जरा जास्तच अंगावर येतो. आपल्या पवित्र वस्तू दुसऱ्याच्या भीतीचं नेपथ्य झालेल्या बघणं म्हणजे काय, ते मला तिथे कळलं.) आम्ही ते गाव उचलून मराठवाड्याच्या सीमेवर ठेवलं. शेवटची मोठी शत्रू म्हणून गावाबाहेर राहणारी, भानामती करणारी एक म्हातारी चेटकीण ठरवली. मी तिचं चित्रही काढलं. पांढरे केस, उलटे पाय, सगळं काही.

चित्र बघून आमच्यातली मेदकची मैत्रीण गप्प झाली. मग म्हणाली, "आमच्याकडे याला बाणामती म्हणतात. आमच्या आजीच्या बहिणीवर आला होता हा आळ. गावाने तिचं पाणी बंद केलं. ती अशी नव्हती दिसत."

यानंतर कुणाला चहा गोड लागला नाही.

मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानाचा, नंतर राज्याचा भाग होता. राज्यं वेगळी झाली तरी हा आळ दोन्हीकडे राहिला. इकडे बाणामती, तिकडे भानामती. या संशयावरून माणसांना मारहाण झाली आहे, जीवही गेले आहेत. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी याविरुद्ध वर्षानुवर्षं काम केलं, आणि डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. आपली बाकीची भुतंही तशी निरागस नाहीत. हडळ म्हणजे बाळंतपणात मेलेली बाई. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण लग्नाआधी मेलेला मुलगा. म्हणजे ज्यांच्यावर आधीच अन्याय झाला, त्यांनाच आपण मेल्यावर राक्षस करतो.

मग काय, भूत लिहायचंच नाही? मला तसं वाटत नाही. आम्ही गोष्ट टाकली नाही, उलटी केली. गाव तेच, मशाली त्याच, पण आता खेळणारा लिऑन नाही. खेळणारी ती म्हातारी आहे. तिच्याकडे बंदूक नाही. एक कंदील, थोडं रॉकेल, दाराच्या दोन कड्या आणि गावात तिच्यावर विश्वास ठेवणारी एक शाळकरी मुलगी, एवढंच. सकाळपर्यंत तगायचं. रॉकेल मोजकं आहे, म्हणजे हा अगदी रीतसर सर्व्हायव्हल हॉरर आहे! आणि पाठलाग करणाऱ्यांचे चेहरे आम्ही बदलणार नाही. ते रोजचे शेजारीच राहतील. मैत्रिणीने तिच्या घरी विचारून मगच होकार दिला, आणि म्हातारीचं नवं चित्र तीच काढतेय. माझं मी फाडलं.

जाता जाता

तुम्हालाही एखाद्या पात्राला नवा चेहरा द्यावासा वाटला, तर आमच्या भांडणांतून निघालेले तीन प्रश्न घेऊन जा. या पात्रातलं काय काढलं तर ते पात्रच उरणार नाही? ही भीती मुळात कुणाची आहे? आणि जिच्यावरून हे भूत बेतलंय, तिने ही गोष्ट वाचली तर तिला काय वाटेल?

पहिला प्रश्न एडाच्या ड्रेसला पुरतो. लाल रंग राहिला, एडा राहिली, भांडण मिटलं (दादाचं नाही). दुसरा पिरॅमिड हेडला लागतो. तिसऱ्याचं उत्तर स्क्रीनवर सापडत नाही, त्यासाठी उठून कुणालातरी विचारावं लागतं. आम्हाला ते उशिरा सुचलं. तुम्ही चित्र काढायच्या आधी विचारा.