निळा धूर आणि तेलाची परतीची वाट

मागच्या व्याख्यानात ‘कारण’ या शब्दाबद्दल बोलताना मी मोटारीच्या टर्बोचार्जरचं उदाहरण घेतलं आणि वेळ संपली म्हणून ते अर्ध्यावरच सोडलं. नंतर दोन-तीन जणांनी विचारलं, ‘सर, त्या धुराचं पुढे काय झालं?’ तर आज आधी तेच पुरं करू. तत्त्वज्ञानाचा मास्तर इंजिनाबद्दल काय सांगणार, असं वाटत असेल, तर ते बरोबरच आहे. मलाही हे सगळं सत्तरीनंतर, पुतण्यामुळे शिकावं लागलं.

पुतण्या इंग्लंडमध्ये असतो. त्याच्याकडे जुनी माझदा एमएक्स-५ आहे, दोन माणसांची, टप उघडणारी. 1989 साली बाजारात आलेली ही गाडी वजनाला हलकी, पण ताकद बेताची. म्हणून हौशी लोक तिला बाहेरून टर्बो बसवतात. ह्यानंही बसवला. (आपल्याकडे असा उद्योग करण्याआधी मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचा. नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही.) महिनाभरात सिग्नलला गाडी उभी राहिली की मागून निळा धूर यायला लागला. गॅरेजवाला म्हणाला, ‘टर्बोचं सील गेलं.’ नवा टर्बो आणला, बसवला. आठवड्याभरात पुन्हा तोच धूर! दोन टर्बोंचे पैसे गेले, आता गाडी विकतो म्हणून त्याचा फोन आला.

आता टर्बो म्हणजे काय ते थोडक्यात. सायलेन्सरकडे जाणारा गरम वायू एक चक्र फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचं चक्र हवा दाबून इंजिनात भरतं. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्यानं 1905 साली या कल्पनेचं पेटंट घेतलं. हा दांडा मिनिटाला लाखभर फेऱ्या घेतो, कधी त्याहूनही जास्त. साध्या बेअरिंगच्या टर्बोत तो धातूवर टेकलेलाच नसतो, केसाहून बारीक अशा तेलाच्या थरावर तरंगत असतो. म्हणजे तेल दोन कामं करतं : दांडा तोलून धरतं आणि उष्णता वाहून नेतं. काही क्षण तेल तुटलं की बेअरिंग संपलं.

कारखान्यातच टर्बो बसवलेल्या गाडीत तेलाची ये-जा इंजिनाच्या रचनेतच धरलेली असते. ह्या गाडीत ती नव्हती. तेव्हा दोन वाटा नव्यानं करायच्या, एक जाण्याची आणि एक येण्याची. लोक सगळं लक्ष जाण्याच्या वाटेवर देतात, कारण तिथे दाब आहे, आकडे आहेत. ऑइल प्रेशरचा सेन्सर जिथे असतो तिथे टी-जोड लावून बारीक नळी काढायची. इथे एक गंमत आहे. जपानी गाडीत त्या जागी ब्रिटिश पद्धतीचे आटे, इंचाला 28, आणि बाजारातले पुष्कळसे जोड अमेरिकी, इंचाला 27. दोन वेढे बसतात आणि माणसाला वाटतं जमलं! जोर केला की इंजिनाच्या ब्लॉकमधले आटे जातात. दुसरं, जोडाला टेफ्लॉनची पांढरी टेप गुंडाळू नका. तिचा तुकडा सुटून नळीत अडकला की पुढे तेल नाही. बॉल बेअरिंगचा टर्बो असेल तर त्याला तेल कमी लागतं. गॅरेट कंपनी इंजिन पूर्ण वेगात असताना 40 ते 45 पीएसआय दाब ठेवायला सांगते. त्यासाठी वाटेत साधारण एक मिलिमीटर भोकाचा अडसर बसवतात. तोच अडसर साध्या बेअरिंगच्या टर्बोला देखादेखी बसवला, तर मात्र तो तेलावाचून मरेल.

पुतण्यानं हे सगळं चोख केलं होतं. पहिल्यांदा चालू करताना इंधन बंद ठेवून नुसता स्टार्टर फिरवून टर्बोत तेल भरूनही घेतलं होतं. मग धूर कसला?

न्यायशास्त्रातलं डोंगराचं उदाहरण तुम्हाला ठाऊक आहे. धूर दिसला, म्हणून तिथे अग्नी आहे. ते अनुमान खरं, कारण धूर अग्नीवाचून होत नाही. पण उलटं म्हणा, अग्नी आहे म्हणून धूर असणारच, तर ते चुकतं. लालबुंद लोखंडात अग्नी आहे, धूर नाही. ओलं सरपण असेल तरच धूर. या लपलेल्या अटीला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. गॅरेजवाल्याचं पहिलं पाऊल बरोबर होतं : निळा धूर, म्हणून तेल जळतंय. दुसरं पाऊल, ‘म्हणून सील फाटलंय’, हे मात्र फसवं. कारण सील धड असतानाही टर्बोतून तेल गळतं.

ते कसं? टर्बोचं सील नळाच्या रबरी वायसरसारखं नसतं. पिस्टनच्या रिंगसारखी एक धातूची कडी असते. आतल्या तेलाचा दाब कमी आणि बाहेरच्या वायूचा जास्त, एवढ्या हिशेबावर ती तेल अडवते. बेअरिंगमधून तेल बाहेर पडतं ते फेसाळून, दाब हरवून. तिथून पुढे त्याला ढकलणारं कोणी नाही, ते नुसत्या उतारानं सम्पमध्ये, म्हणजे आपले मेकॅनिक ज्याला चेंबर म्हणतात त्यात, पडायला हवं. म्हणून परतीची नळी जाड लागते, पाऊण इंचाच्या आसपास, शक्य तितकी उभी, मध्ये कुठेही झोळ नको. आणि ती चेंबरमध्ये तेलाच्या पातळीच्या वर उघडायला हवी. चेंबरमधला वायू नीट बाहेर जात नसेल तरी तो तेलाला वरच अडवतो. तेल तुंबलं की मिळेल त्या फटीतून निघतं, आणि आयडलिंगला वायूचा दाब कमी असल्यामुळे तेव्हा तर सहजच. सिग्नललाच धूर का, याचं उत्तर इथे आहे.

मी विचारलं, ‘चेंबरला भोक कुठे पाडलंस?’ तो म्हणाला, ‘काका, वर जागाच नव्हती. ड्रिल पोचेल तिथे पाडलं.’ चेंबर खाली काढायचं म्हणजे मोठं काम, म्हणून गाडीखाली झोपूनच उरकलेलं. डिपस्टिकच्या खुणेशी ताडून बघितलं, तर भोक भरल्या पातळीच्या खाली. तरी मी म्हटलं, लगेच विश्वास ठेवू नकोस. अन्वय पाहिला, आता व्यतिरेक पाहू. बाकी काहीही न बदलता तेल वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत उतरव. त्यानं उतरवलं. धूर निम्म्याहून कमी झाला. मग चेंबर काढलं, जुनं भोक बुजवलं, वर नवं पाडलं, नळीतला झोळ काढला. धूर गेला. गॅरेजवाल्यानं बाद केलेला पहिला टर्बो त्यानं टाकला नव्हता. तो उघडून पाहिला, तर दांड्यावर ओरखडासुद्धा नव्हता.

श्रोता : सर, टर्बो इतका खाली बसवला की उतारच मिळत नसेल, तर?

मग परतीच्या वाटेवर वेगळा पंप लावतात, तेल ओढून घेणारा. गाडीच्या मागच्या टोकाला टर्बो बसवणारे तेच करतात. पण तो विजेवर चालणारा असेल आणि बंद पडला, तर धूर पहिल्यासारखाच निळा असेल आणि गॅरेजवाला पुन्हा सीलच म्हणेल. तेव्हा पंपाला एक दिवा जोडून तो डॅशबोर्डवर आणा, बंद पडल्याचं कळलं पाहिजे. पुढचा प्रश्न?