भीती खरी असते तेव्हा

चिंतेवरच्या नेहमीच्या समुपदेशनात एक प्रश्न हमखास येतो: ‘तुम्हाला वाटतंय ते घडेलच, याला पुरावा काय?’ चौथ्या टप्प्यातल्या कॅन्सरच्या रुग्णापुढे हा प्रश्न लंगडा पडतो. पुरावा त्याच्या उशाशी, स्कॅनच्या फाईलमध्येच असतो.

म्हणूनच बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले मानसशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीर आणि सहकाऱ्यांनी अशा समुपदेशनाची मांडणी बदलली. मरणाची भीती खोडून काढायला जायचं नाही. पण ‘जरा दम लागला, म्हणजे आता संपलंच’ अशी घाबरगुंडी तिच्यापासून वेगळी काढायची. अंग सैल सोडायला शिकवायचं. अंगात त्राण असेल तेवढ्यातच दिवसाची कामं बसवायची.

कॅनडातल्या टोरांटोच्या प्रिन्सेस मार्गारेट कॅन्सर सेंटरमध्ये गॅरी रोडिन यांच्या गटाने ‘काल्म’ ही पद्धत घडवली. तीन ते सहा महिन्यांत साधारण तीन ते सहा बैठका, प्रत्येक पाऊण-एक तासाची. बोलणं चार अंगांनी फिरतं: दुखणं आणि डॉक्टरांशी संवाद, बदललेली नाती, जगण्याचा अर्थ आणि पुढचे दिवस. मृत्यूविषयी बोलता बोलता पुढच्या महिन्यातल्या लग्नाला काय नेसायचं, हेही निघू शकतं; दोन्ही एकाच मनात मावतात, यावर ही पद्धत उभी आहे. जोडीदाराला किंवा मुलांनाही बैठकीत बसता येतं. ३०५ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०१८मध्ये प्रसिद्ध झाले. नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा ‘काल्म’ घेणाऱ्या रुग्णांची उदासी तीन आणि सहा महिन्यांनी कमी आढळली.

अर्थात, कोणी तरी बोलायला बसलं की झालं, असं मुळीच नाही. ब्रिटनमध्ये कॅन्सर बळावलेल्या २३० रुग्णांवर ‘कॅनटॉक’ ही चाचणी झाली. तिथल्या सर्वसाधारण समुपदेशन सेवेतून दिलेल्या विचार-वर्तन उपचाराचा नैराश्यावर परिणाम दिसला नाही.

आपल्याकडे गाडी त्याआधीच अडते. ‘डॉक्टर, बाबांना काही सांगू नका हं,’ असं ओपीडीच्या दाराशी मुलगा हळूच सांगतो. अनुभवी समुपदेशक त्याच्याशी वाद घालत नाही. बाबांनाच विचारतो, ‘आजाराबद्दल तुम्हाला काय वाटतं? आणखी काही जाणून घ्यायचंय?’ बाबांना पुष्कळदा सगळं कळलेलं असतं. ते मुलाला जपत असतात. म्हणजे एकाच घरात दोघं एकमेकांपासून तीच गोष्ट लपवत असतात आणि रात्री दोघांनाही झोप नसते.

काळजी घेणाऱ्याला मात्र कोणी ‘तुम्ही कसे आहात?’ विचारत नाही. पुण्यात वारज्याच्या सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटरमध्ये १९९७पासून विनामूल्य सेवा मिळते. तिथे रुग्णासोबत घरचं माणूस राहतं, घरी शुश्रूषा कशी करायची ते शिकतं आणि समुपदेशकांशी त्यालाही बोलता येतं.