सम्राटाचे अंगण

एड्रियाटिक समुद्र म्हणजे भूमध्य समुद्राचाच उत्तरेकडे गेलेला एक लांबट फाटा. त्याच्या पूर्व किनाऱ्यावर, क्रोएशिया देशात, स्प्लिट नावाचे प्राचीन बंदर आहे. तेथील मुख्य जुन्या चौकाला ‘पेरिस्टिल’, म्हणजे स्तंभांनी वेढलेले अंगण, असे म्हणतात. श्रोतेहो, या चौकाचे नवल असे की, तो मुळी लोकांसाठी बांधलेलाच नव्हता. ते एका सम्राटाच्या वाड्यातील अंगण होते.

हा सम्राट डायोक्लीशियन. इ. स. २८४ मध्ये तो रोमन साम्राज्याच्या गादीवर आला आणि ३०५ मध्ये त्याने स्वेच्छेने राज्यत्याग केला. आपल्या जन्मप्रांतात, सलोना नगरापासून जवळच, त्याने समुद्रकाठी हा वाडा उभारला. वाडा कसला, सुमारे २१५ मीटर लांब आणि १८० मीटर रुंद असा तो तटबंद कोटच होता! वाड्यातील दोन हमरस्ते जेथे मिळतात, तेथून दक्षिणेकडे हे अंगण पसरले आहे. त्याच्या टोकाला चार स्तंभांची देवडी आहे. डायोक्लीशियन स्वतःला ज्युपिटर देवाचा अंश म्हणवीत असे. मोगल बादशहांच्या झरोका-दर्शनाची आठवण व्हावी, असेच हे स्थळ आहे. वर स्वामी आणि खाली नतमस्तक माणसे, हे नाते येथे दगडांतच कोरून ठेवलेले होते.

परंतु काळाने हे नाते उलटे केले. सातव्या शतकात अवार आणि स्लाव टोळ्यांच्या आक्रमणांनी सलोना उद्ध्वस्त झाले. तेथील निर्वासितांनी या ओसाड वाड्याच्या तटाआड आसरा घेतला. सम्राटाच्या दालनांत भिंती घालून त्यांनी बिऱ्हाडे थाटली. स्तंभांमधल्या रिकाम्या जागाही पुढे घरांच्या दर्शनी भिंतींनी भरून गेल्या. अशा रीतीने एका माणसाच्या निवृत्तीचे स्थान शेकडो निराश्रितांचे गाव झाले.

चौकाच्या पूर्वेस अष्टकोनी आकाराची, भक्कम घुमटाची इमारत आहे. डायोक्लीशियनने ती स्वतःची समाधी म्हणून बांधली होती. ३०३ मध्ये त्याने ख्रिस्ती धर्मीयांचा कठोर छळ आरंभिला. त्या छळात ३०४ मध्ये सलोनाचा बिशप डॉम्नियस मारला गेला. पुढे निर्वासितांच्या वंशजांनी याच समाधीचे प्रार्थनामंदिर केले आणि डॉम्नियस त्याचा अधिष्ठाता संत ठरला. सम्राटाची शवपेटिका नाहीशी झाली. छळ करणाऱ्याच्या समाधीत छळ सोसणाऱ्याची पूजा चालावी, असा न्याय इतिहास क्वचितच देतो. समोरच्या गल्लीतील ज्युपिटरच्या देवळात पुढे बाप्तिस्म्याचे विधी होऊ लागले. चौकात इजिप्तहून आणलेला काळ्या दगडाचा स्फिंक्स मात्र हे सारे पाहत बसला आहे. वाड्याहूनही तो दीड हजारांहून अधिक वर्षांनी वडील आहे.

१७५७ मध्ये रॉबर्ट ॲडम या स्कॉटिश वास्तुशिल्पज्ञाने वाड्याची मोजमापे घेतली आणि १७६४ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. तेव्हापासून विद्वानांपुढे एक प्रश्न उभा राहिला. नंतरची घरे पाडून मूळचा रोमन वाडा मोकळा करावा काय? काही भाग मोकळे झालेही. परंतु गाव राहिले. तेच योग्य झाले. माणसांनी वस्ती केली नसती, तर हे दगड इतर बांधकामांसाठी केव्हाच उचलले गेले असते. तळघरांचेच पाहा. शतकानुशतके वरच्या घरांतील केरकचरा त्यांत साचला आणि त्यामुळेच ती जवळजवळ जशीच्या तशी टिकली. वरची दालने कोसळली, तरी त्यांचा आराखडा आज या तळघरांवरूनच कळतो.

१९७९ मध्ये या जुन्या नगराचा जागतिक वारशात समावेश झाला. आज प्रवासी चौकाच्या पायऱ्यांवर निवांत बसून कॉफी घेतात. उन्हाळ्यात तेथे संगीतनाटकेही रंगतात. परंतु याच लौकिकातून नवे संकट उद्भवले आहे. प्रवाशांना भाड्याने देण्यात अधिक लाभ असल्याने घरांतले मूळ रहिवासी तटाबाहेर जात आहेत. सम्राट गेला तेव्हा वाडा निर्वासितांनी जगविला. आता तेथील माणसेच गेली, तर तो कोण जगवील? दगड राखण्याची विद्या आपल्याला साधली आहे. वस्ती राखण्याची अजून साधावयाची आहे.

तेथे जाण्याचा योग आला, तर भल्या पहाटे जावे. प्रवाशांची गर्दी जमण्यापूर्वी, बाजाराला निघालेली एखादी वृद्धा सम्राटाच्या अंगणातून सहज चालत जाताना दिसेल. ती दिसते, तोवर हा चौक जिवंत आहे असे समजावे.