चला, तीन हजार वर्षांपूर्वीच्या गावात चक्कर मारू!

दोस्तांनो, इटलीतल्या पॉम्पेई शहराचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि हे शहर राखेखाली गडप झालं. पुढे त्याचा बराच मोठा भाग खणून काढला. आता जगभरातून पर्यटक येतात, सकाळी चालायला लागतात आणि संध्याकाळपर्यंत रस्ते, घरं, भट्ट्या, देवळं सगळं पायी पायी पाहून घेतात. प्राचीन शहराची फेरी एका दिवसात!

हेवा वाटला ना? शिरूर-दौंडकडच्या मुलांनी मात्र हेवा करायचं काहीच कारण नाही. शिरूर तालुक्याच्या पूर्वेला, घोड नदीच्या उजव्या काठावर इनामगाव आहे. तिथल्या मातीखाली एक जुनं गाव सापडलं. ते वसलं इ.स.पूर्व १६०० च्या सुमारास आणि उठलं इ.स.पूर्व ७०० च्या सुमारास. म्हणजे पॉम्पेई राखेत बुडालं तेव्हा हे गाव उठून पावणेआठशे वर्षं झाली होती!

पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत इथे उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली मोठी नावं. नदीकाठी पाच टेकाडं होती. त्यातलं मुख्य टेकाड त्यांनी थरामागून थर असं हलक्या हातानं उकललं. वेगवेगळ्या काळातली मिळून १३४ घरं सापडली. त्या काळी लिहिणं-वाचणं नव्हतं. त्यामुळे राजाचं नाव नाही की लढाईची तारीख नाही. सापडल्या त्या चुली, खापरं, करपलेले दाणे आणि हाडं. पण त्यांवरून या लोकांचा दिवस कसा जात असेल ते बरंचसं कळतं.

मग काय, निघायचं? आपल्याला जायचंय इ.स.पूर्व १२०० च्या सुमाराला. चप्पल घट्ट बांधा. आपली फेरी सकाळी सहाला सुरू होतेय.

सकाळी सहा : नदीकाठ

नदी तीच, घोड. पण पलीकडे पूल नाही, विजेचा पंप नाही. एकजण गळ टाकून बसलाय. गळ तांब्याचा आहे बरं का! या लोकांना लोखंड अजून ठाऊक नाही. तांबं आहे, पण ते महाग. म्हणून रोजच्या कापाकापीला गारगोटीच्या जातीच्या दगडाची धारदार पाती. दगडाची हत्यारं आणि तांबं दोन्ही वापरणाऱ्या या काळाला ताम्रपाषाण युग म्हणतात.

सात वाजता : पाट आणि बांध

नदीकाठानं थोडं चाललात की एक मोठा चर लागेल. सुमारे दोनशे मीटर लांब, चार मीटर रुंद आणि माणूस सहज बुडेल इतका खोल. शेजारी दगडमातीचा भक्कम बांध. पुराचं पाणी वळवून शेताला द्यायचं, ही त्यामागची युक्ती असावी असं ढवळीकरांनी मांडलं. जेसीबी नाही, पोलादी टिकाव-फावडी नाहीत. मग एवढी माती हलवली कुणी? एकट्यादुकट्याचं हे काम नव्हे. अख्ख्या गावानं एकत्र येऊन केल्याशिवाय हा पाट होणं शक्यच नाही.

आठ वाजता : घराघरांतून

आता वस्तीत शिरू. चौकोनी घरं ओळीनं मांडलीत. दोन घरांच्या मधे जेमतेम दीड मीटरचा बोळ. भिंती मातीच्या आणि बुटक्या, त्यात लाकडी खांब आणि वर गवताचं छप्पर. आत डोकावा. एका बाजूला चूल आहे. जमिनीवर मातीचे गोल ओटे दिसताहेत ना? त्यांवर धान्याच्या कणग्या ठेवायच्या. गावाकडे तुमच्या आजोळी कणगी असली तर ही पद्धत लगेच ओळखाल.

जेवायला काय मिळेल? जव भरपूर, शिवाय गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ, थोडा भात. मटण आहे, मासे आहेत, अधूनमधून हरणाची शिकार. पण मिरचीचा ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी मागू नका! मिरची, बटाटा, शेंगदाणा हे सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. पोर्तुगीजांची जहाजं हिंदुस्थानात यायला अजून सत्तावीसशे वर्षं आहेत.

पाणी पितानाचं भांडं नीट पाहा. लाल रंग, त्यावर काळ्या रेघांची नक्षी. टिचकी मारा, धातूसारखा टण्ण आवाज येतो! काही भांड्यांना लांब तोटी आहे. अशी भांडी पहिल्यांदा सापडली संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावी, म्हणून या संस्कृतीचंच नाव पडलं ‘जोर्वे संस्कृती’.

दहा वाजता : कारागिरांची आळी

पुण्यात तांबट आळी आहे, कित्येक गावांत कुंभारवाडा असतो. इथेही तसंच आहे. गावाच्या पश्चिम कडेला कुंभार, सोनार, मणी घडवणारा, चुना भाजणारा, हस्तिदंताचं काम करणारा असे कारागीर राहतात. कुंभाराची गोल भट्टी तर चांगली ऐसपैस आहे. गावाच्या मध्यभागी मात्र मोठी घरं आहेत. म्हणजे कुणी कुठे राहायचं याची वाटणी तेव्हाही होतीच.

बारा वाजता : पाच खोल्यांचा वाडा

मधोमध हे पाहा सगळ्यात मोठं घर, चांगलं पाच खोल्यांचं! त्याला खेटूनच धान्याचं कोठार. कोठारात कणग्यांचे ओटे आहेत आणि जमिनीत खोल पेवंही आहेत. हे गावच्या मुखियाचं घर असावं, आणि गावाचं धान्य त्याच्या देखरेखीखाली राहत असावं, असा पुरातत्त्वज्ञांचा तर्क आहे.

याच घराच्या अंगणात एक अजब वस्तू निघाली. चार पायांचा, फुगीर पोटाचा, कच्च्या मातीचा मोठा रांजण. त्यात चाळिशीच्या आसपासच्या पुरुषाचा सांगाडा, तोही बसलेला! रीत अशी होती, की मोठ्या माणसाला घरातच जमिनीखाली आडवं पुरायचं आणि पुरण्याआधी त्याची पावलं तोडायची. मेलेलं माणूस भूत होऊन चालत निघून जाऊ नये, म्हणून असेल कदाचित. रांजणातल्या या माणसाची पावलं मात्र शाबूत होती. मरणानंतरही त्याचा मान निराळाच!

तीन वाजता : मातीच्या डबीतली देवी

एका घराच्या जमिनीखाली मातीची झाकणवाली डबी पुरलेली होती. आत मातीची एक स्त्रीमूर्ती, तीही बिनडोक्याची, आणि सोबत एक बैल. दोघांना भोकं आहेत. काडी घातली की मूर्ती बैलाच्या पाठीवर उभी राहते. ही घरातली देवी असणार. तिच्याकडे काय मागत असतील ही माणसं? घोड नदीच्या काठावरचा शेतकरी आजही जे मागतो तेच बहुधा : पाऊस पडू दे, पोरंबाळं सुखी राहू दे.

पाच वाजता : दोनशे वर्षं पुढे

आता एक मोठी उडी मारू. इ.स.पूर्व १००० उलटून गेलंय. टेकाड तेच, पण गाव ओळखू येत नाही. ऐसपैस चौकोनी घरं गेली, त्यांच्या जागी छोट्या गोल झोपड्या आल्या. भांडी ओबडधोबड झाली. शेतीचं उत्पन्न घटलं, तशी शिकारीवर भिस्त वाढली.

सगळ्यात जास्त बोलतात ती लहान मुलांची हाडं. मूल दगावलं तर त्याला दोन रांजणांत ठेवून, रांजणांची तोंडं एकमेकांना जोडून, घरातच जमिनीखाली पुरत. आईपासून लांब नको म्हणून असेल. इनामगावात एकूण दोनशेहून जास्त दफनं सापडली आणि त्यातली बहुतेक मुलांचीच. शास्त्रज्ञांनी ही हाडं आणि दात तपासले. या शेवटच्या काळातल्या मुलांची वाढ खुंटलेली दिसली. मुलांच्या पोटाला पुरेसं मिळत नव्हतं.

असं का झालं? पाऊस कमी होत गेला आणि शेती बसली, असं ढवळीकरांचं मत होतं. इतर काही अभ्यासक म्हणतात, एकट्या पावसाला दोष देऊन भागणार नाही. माणसांनी जमीन कशी वापरली तेही पाहायला हवं. वाद अजून चालू आहे. एवढं खरं, की इ.स.पूर्व ७०० च्या सुमाराला गाव उठलं. तिकडे इटलीत त्याच सुमारास रोम नावाची वस्ती हळूहळू मोठी होत होती. रोमन लोक आपल्या शहराचा जन्म इ.स.पूर्व ७५३ सालचा मानत.

आता शिरूर-दौंडच्या दोस्तांनी जरा इकडे लक्ष द्या. उत्खनन चालू होतं त्याच वर्षांत, १९७२ साली, महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. आजी-आजोबांना विचारून पाहा. खडी फोडण्याची, पाझर तलाव खणण्याची कामं, मिलो ज्वारीच्या भाकरी, पोरांना मिळणारी सुकडी, सगळं सांगतील. एकीकडे पुरातत्त्वज्ञ तीन हजार वर्षांपूर्वीच्या टंचाईच्या खुणा उकरत होते आणि दुसरीकडे तोच मुलूख नव्या टंचाईशी झुंजत होता. फरक एवढाच, की या वेळी बाहेरून धान्य आलं आणि सरकारी कामं निघाली. इनामगावच्या पोरांना बाहेरून आधार देणारं कुणी नव्हतं.

आज त्याच घोड नदीवर चिंचणीचं धरण आहे, कालवे आहेत, ऊस आहे. पण पाणी कुणाला किती मिळावं, ते जपून कसं वापरावं, हा प्रश्न तोच आहे. साऱ्या गावानं मिळून खणलेला तो पाट पाहिलात ना? एकत्र येऊन पाणी अडवायची अक्कल आपल्याकडे तीन हजार वर्षांपासून आहे. ती वापरायची की नाही, हे ज्या त्या पिढीनं ठरवायचं.

तुम्ही खरोखर जाल तेव्हा...

● शिरूरहून न्हावऱ्यामार्गे इनामगावला जाता येतं. मोठ्या माणसांना सोबत घ्या. रान ज्याचं असेल त्याला विचारूनच पाय ठेवा.

● मातीच्या भिंती उघड्यावर टिकत नाहीत. त्यामुळे पॉम्पेईसारखी उभी घरं शोधू नका. नदी, टेकाडांची जागा आणि काळी माती पाहा. बाकीचं डोळ्यांपुढे उभं करायला ही आपली फेरी आहेच.

● खापर दिसलं तर पाहा, चित्र काढा आणि जिथल्या तिथे ठेवा. खिशात टाकलं तर ते नुसता खापराचा तुकडा होतं. जागेवर राहिलं तर उद्याच्या अभ्यासकाला काहीतरी सांगतं. आणि उकरायचं तर मुळीच नाही!

● इनामगावात सापडलेल्या वस्तू पुण्याला येरवड्याच्या डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात आहेत. शाळेची सहल ठरत असेल तर बाईंना किंवा सरांना हे नाव जरूर सुचवा.