प्रवाळाचे दुखणे

हिंगोली जिल्ह्यात हळदीचे पीक मोठे. हळदीचे पान अवेळी पिवळे पडले, की वसमतचा शेतकरी कंदाजवळची माती उकरून पाहतो. चिन्ह पानावर दिसले, तरी रोगाचे मूळ जमिनीत असू शकते. समुद्रातील प्रवाळाच्या दुखण्याचे मूळही असेच बहुधा पाण्यात सापडते.

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे; ती असंख्य इवल्याशा प्राण्यांची वसाहत होय. परदेशांत हौशी लोक खाऱ्या पाण्याच्या काचपेटीत प्रवाळ पाळतात. निरोगी प्रवाळ आपले नाजूक स्पर्शक फुलवून बसते. ते दिवसेंदिवस मिटलेलेच राहिले, तर प्रथम पाण्याची उष्णता व खारटपणा मोजावा. पाणी फार तापले, की प्रवाळाच्या देहात राहून त्याला अन्न व रंग देणारे सूक्ष्म जीव बाहेर पडतात आणि पारदर्शक मांसातून पांढरा सांगाडा दिसू लागतो. परंतु पांढरे पडले म्हणजे मेले, असे समजू नये. मांस शाबूत असेल आणि पाणी वेळीच निवले, तर प्रवाळ सावरू शकते. मांस गळून उघड्या सांगाड्यावर शेवाळ चढले, की मात्र तेथे इलाज उरत नाही.

आपल्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळे आहेत. २००१ पासून कायद्याने त्यांना संरक्षण दिले असून ती काढून आणणे हा गुन्हा आहे. १९९८ साली समुद्र तापला, तेव्हा लक्षद्वीपची प्रवाळे मोठ्या प्रमाणावर पांढरी पडून मेली. काचपेटीतील पाणी निववता येते; समुद्राचे कोण निववणार?