तळपायांची हरवलेली जाणीव

उभ्या माणसाचा तोल डोळे, आतल्या कानातील संतुलनेंद्रिय आणि तळपाय, घोटे व सांधे यांतून मेंदूकडे जाणारी स्थितिसंवेदना, म्हणजे न पाहताही आपला अवयव कोठे आहे याची जाणीव, या तिन्हींवर टिकून असतो. पायांतील मज्जातंतू शरीरात सर्वांत लांब असल्याने मधुमेह, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा दीर्घकाळचे मद्यपान यांचा घाव बहुधा आधी पायांच्या बोटांवर पडतो. या विकाराला पेरिफेरल न्यूरोपथी म्हणतात. मुंग्यांची तक्रार रुग्ण करतो, पण चालताना चप्पल पायातून निसटून मागे राहिली तरी कळले नाही, ही अधिक बोलकी खूण मात्र घरचे लोक वयाच्या खात्यावर टाकून मोकळे होतात.

अशा व्यक्तीला दिवसा डोळे सावरून घेतात, म्हणून ती पडते ती रात्री अंधारात उठल्यावर किंवा बेसिनपाशी डोळे मिटून तोंडावर पाणी मारताना. जर्मन वैद्य मोरित्स रोम्बेर्ग यांच्या नावाने ओळखली जाणारी चाचणी याच तत्त्वावर उभी आहे; पाय जुळवून स्थिर उभी असलेली व्यक्ती डोळे मिटताच तोल गमावू लागली, तर स्थितिसंवेदनेत दोष असल्याची शंका बळावते. हालचालीचे आदेश वाहणारे तंतूही दुबळे झाले, तर पाऊल पुरेसे उचलले जात नाही आणि सतरंजीच्या काठालाही पाय अडखळतो.

मधुमेहावरील मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ब-१२ घटू शकते आणि ते साध्या रक्ततपासणीत कळते. ही उणीव वेळीच भरल्यास सुधारणा संभवते, मधुमेहाने झालेली हानी मात्र सहसा पूर्णपणे भरून येत नाही.