कण्याचे बंध आणि शल्यवैद्याची वाट
कमरेच्या पाच मणक्यांमधील चकत्या शरीराचा भार पेलतात. त्यांच्या मागून उतरणारा लांब अस्थिबंध कमरेशी अरुंद होतो. त्यामुळे मागील दोन्ही कडांना त्याचा आधार अपुरा पडतो. चकती फाटल्यास तिचा गाभा बहुधा तेथूनच बाहेर येऊन मज्जातंतूचे मूळ दाबतो व पायात कळ उतरते. हीच गृध्रसी. १९३४ साली बोस्टनच्या मिक्स्टर व बार या शल्यवैद्यांनी हे कारण सप्रमाण मांडले. बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेविनाच बरे होतात. ती करावीच लागली, तर मणक्यांच्या कमानी जोडणारा पिवळसर, लवचिक बंध उघडून आत शिरावे लागते. त्याच्या लगत मज्जातंतूंचे नाजूक आवरण असते; म्हणून येथे हस्तकौशल्याइतकेच रचनेचे ज्ञान मोलाचे ठरते.